ऐकणे आणि ऐकून घेणे

मराठीत ‘ऐकणे’ वेगळे आणि ‘ऐकून घेणे’ वेगळे. गाणे आपण ऐकतो, बातम्या ऐकतो. साहेबाचे मात्र ऐकून घेतो. ‘घेणे’ हे एवढेसे क्रियापद मागे लागले, की बोलणारा एक पायरी वर चढतो आणि ऐकणारा एक पायरी खाली उतरतो. ऐकून घेणाऱ्याला उत्तर सुचत नसते असे नाही. उत्तर देण्याचा त्याचा अधिकार नाही, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. सासरी निघालेल्या मुलीला पिढ्यान्‌पिढ्या जो सल्ला मिळाला, त्यात हे क्रियापद हमखास असे : चार शब्द ऐकून घ्यावेत, उलट बोलू नये.

९ ऑक्टोबर २०१२, मंगळवार. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा. तिथल्या लोकप्रतिनिधिगृहात विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांच्या प्रस्तावाला उत्तर देण्यासाठी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड उभ्या राहिल्या आणि सुरुवातीलाच म्हणाल्या, “लिंगभेद आणि स्त्रीद्वेष यांवरचा उपदेश मी ह्या माणसाकडून ऐकून घेणार नाही. नाही घेणार.” इंग्रजीत आपल्यासारखे जोडक्रियापद नाही, पण त्यांचे वाक्य मराठीत आणताना दुसरे काही सुचतच नाही. पुढे सुमारे पंधरा मिनिटे त्या बोलल्या. ते बोलणे जगभर ‘मिसॉजिनी स्पीच’, म्हणजे स्त्रीद्वेषावरचे भाषण, म्हणून ओळखले जाते.

या प्रकरणात आपण ते भाषण उलगडून पाहू. भारावून जायचे नाही आणि खोड काढायचीही नाही. शब्द कामाला कसे लागतात, ते पाहायचे.

दोन शब्दांची पाटी

या वाचनपद्धतीला अभ्यासक ‘क्रिटिकल डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. मराठीत ‘चिकित्सक संभाषित-विश्लेषण’ म्हणता येईल. ‘डिस्कोर्स’साठी कुणी ‘प्रवचन’ही वापरतात, पण प्रवचन म्हटले की मराठी माणसाला समई, चौरंग आणि बुवा आठवतात, म्हणून तो शब्द इथे नको. नाव जड असले तरी कल्पना सोपी आहे. एस.टी.च्या आत आसनावर ‘स्त्रियांसाठी राखीव’ असे रंगवलेले असते. शब्द दोन. कुणी राखून ठेवले आणि कुणापासून राखावे लागले, हे त्या दोन शब्दांत नाही. करणारा गायब आहे. ही झाली पहिली पातळी : शब्द आणि व्याकरण. आता त्या जागेवर एखादा बाप्या ऐसपैस बसलेला आहे आणि कंडक्टर पाटीकडे बोट दाखवतो. पाटी कुणी लिहिली, कोण वाचते, कोण वाचूनही न वाचल्यासारखे करते, ही दुसरी पातळी : शब्दांचा व्यवहार. आणि मुळात अशी पाटी लावायची वेळ का आली, ही तिसरी : समाज आणि सत्ता.

ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ नॉर्मन फेअरक्लॉ यांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत ही तीन पातळ्यांची मांडणी केली. नेदरलँड्सचे टन फान डाइक आणि व्हिएन्नाच्या रूथ वोडाक ही या अभ्यासातली आणखी दोन मोठी नावे. तिघांचा आग्रह एकच : भाषा सत्तेचे नुसते वर्णन करत नाही, ती सत्ता चालवतेही. म्हणून बोलणे तपासायचे तर या तिन्ही पातळ्या एकमेकींशी जोडून तपासायच्या.

तो मंगळवार

गिलार्ड २४ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधल्या निवडणुकीत १५० जागांच्या सभागृहात त्यांच्या मजूर पक्षाला ७२ जागा मिळाल्या आणि सरकार अपक्ष व हरित पक्षाच्या टेकूवर उभे राहिले. एकेका मताला सोन्याचा भाव आला. नोव्हेंबर २०११ मध्ये विरोधी आघाडीतले पीटर स्लिपर सभापतिपदी बसले, तेव्हा सरकारला हायसे वाटले, कारण समोरचे एक मत कमी झाले होते.

पण पुढच्या वर्षी स्लिपर यांच्यावर त्यांच्याच कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने लैंगिक छळाचा दावा लावला. त्या खटल्यात त्यांचे जुने मोबाइल-संदेश उघड झाले आणि त्यांत स्त्रियांच्या शरीराविषयी गलिच्छ मजकूर निघाला. अ‍ॅबट यांनी प्रस्ताव आणला : सभापतींना काढा, असल्या विचारांचा माणूस उच्च पदाला लायक नाही.

पेच असा होता. प्रस्ताव फेटाळायचा तर स्त्रियांविषयी गलिच्छ बोलणाऱ्याला वाचवल्याचा ठपका. मान्य करायचा तर सरकार डळमळीत. तोही एका स्त्री पंतप्रधानापुढे टाकलेला, स्त्रियांच्या सन्मानाच्या नावाने. गिलार्ड यांच्या कार्यालयाने अ‍ॅबट यांची जुनी विधाने गोळा करून ठेवली होती. लिहून काढलेले भाषण मात्र नव्हते. टिपणे होती, आणि दोन वर्षांचा राग होता.

‘हा माणूस’

पहिल्या वाक्याकडे परत जाऊ. त्यातले दोन शब्द मराठीत आणताना अनुवादक अडखळतो : ‘धिस मॅन’. सभागृहाचा संकेत असा की सदस्याचा उल्लेख पदाने करायचा. गिलार्ड यांनीही आधी ‘विरोधी पक्षनेते’ असेच म्हटले. मग एकाच वाक्याच्या पोटात त्या पदावरून माणसावर आल्या. पदाची झूल उतरली.

मराठीत काय लिहायचे? ‘ह्या गृहस्थांकडून’ म्हटले तर आदर शिल्लक राहतो. ‘ह्या पुरुषाकडून’ म्हटले तर वाक्य समाजशास्त्राच्या पुस्तकातले वाटते. ‘ह्या माणसाकडून’ म्हटले की मराठी घरातला एक ओळखीचा सूर लागतो. ‘ह्या माणसाला काही सांगायची सोय नाही,’ असे म्हणणारी बाई आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. इंग्रजी ‘मॅन’मध्ये माणूस आणि पुरुष दोन्ही एकाच शब्दात बसतात, ऐकणाऱ्याला दोन्ही ऐकू येतात. समोरची एक व्यक्तीही, आणि पिढ्यान्‌पिढ्या उपदेश करत आलेला पुरुषही.

व्याकरण पाहा. वाक्य कर्मणी आहे. उपदेश करणारा वाक्याच्या शेपटाशी गेला आणि नकार देणारी कर्त्याच्या जागी आली. लगेच तेच वाक्य पुन्हा, पण आता ‘मी’च्या जागी ‘हे सरकार’. शेवटी तुकडा : आत्ता नाही, कधीच नाही. घराच्या ओट्यावरचा नकार दोन वाक्यांत राज्याचा नकार झाला. प्रस्ताव सभापतींविषयी होता. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो उपदेश करण्याच्या अधिकाराविषयी झाला. चर्चेचा विषय कोण ठरवतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा सत्तेचा पत्ता सांगते, आणि इथे तो पत्ता ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बदलला.

लगोलग आरसा आला. आधुनिक ऑस्ट्रेलियात स्त्रीद्वेष कसा दिसतो हे विरोधी पक्षनेत्यांना पाहायचे असेल, तर त्यांना प्रस्तावाची नाही, आरशाची गरज आहे, असे त्या म्हणाल्या. फान डाइक यांनी राजकीय बोलण्याचा एक साचा दाखवून दिला आहे : आपले चांगले आणि त्यांचे वाईट मोठे करायचे, आपले वाईट आणि त्यांचे चांगले झाकायचे. आरसा हे त्या साच्यातले ‘त्यांचे वाईट’. ‘आपले वाईट’ कुठे गेले, ते पुढे पाहू.

रागाचे आरोपपत्र

राजकारणातल्या रागाला दोन शब्दकोश असतात. पुरुष चिडला की करारी, कणखर, जहाल. बाई चिडली की कजाग. ‘कजाग पुरुष’ असे आपण कधी म्हणतो का? इंग्रजीतही हेच आहे. गिलार्ड यांच्यापुढे तो सापळा होताच : चिडल्या तर तोल गेला, गप्प बसल्या तर दुबळ्या.

त्या राजकारणात येण्याआधी वकील होत्या आणि तो पेशा इथे कामी आला. मधल्या भागात एकच वाक्यारंभ पुन्हा पुन्हा येतो : मला हे झोंबले, मला हे अपमानास्पद वाटले. प्रत्येक वेळी भावनेमागे पुरावा ठेवलेला. अ‍ॅबट आरोग्यमंत्री असताना गर्भपाताला सोपी पळवाट म्हणाले होते. गिलार्ड यांनी महिना आणि साल सांगितले, मार्च २००४, आणि नोंदी तपासून घ्या असेही सुनावले. सत्तेच्या जागी स्त्रिया कमी का, या चर्चेत अ‍ॅबट यांनी विचारले होते, की पुरुषांकडे जास्त सत्ता असली तर त्यात वाईट काय. अधिकार गाजवायला पुरुष शरीराने आणि स्वभावाने अधिक योग्य असतील तर? ऑस्ट्रेलियातल्या गृहिणींनी इस्त्री करता करता काय समजून घ्यावे, हेही ते बोलून गेले होते. गिलार्ड यांनी ही विधाने जशीच्या तशी वाचली. समोरच्याचेच शब्द, त्याच्याच तोंडावर. भाषाविश्लेषक याला आंतरसंहितात्मकता म्हणतात. आपल्याकडे याला ज्याचे दात त्याच्याच घशात घालणे म्हणतात.

या सगळ्यांत एक वाक्प्रयोग थांबून पाहण्यासारखा आहे. अ‍ॅबट यांनी एकदा सभागृहात टेबलापलीकडून सुचवले होते, की पंतप्रधानांना ‘राजकीय अर्थाने’ स्वतःला प्रतिष्ठित बाई करून घ्यायचे असेल, तर… मूळ इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ असा : लग्नाशिवाय एखाद्याबरोबर राहणाऱ्या स्त्रीशी त्याने लग्न केले, की तो तिला इभ्रत देतो. गिलार्ड आपल्या जोडीदाराबरोबर लग्नाशिवाय राहत होत्या, हे सगळ्या देशाला ठाऊक होते. ‘राजकीय अर्थाने’ हे शब्द म्हणजे मागचे दार. पकडले तर त्यातून निसटता येते : मी तर फक्त धोरणाबद्दल बोलत होतो! टोमण्याची रचना सगळ्या भाषांत सारखीच असते. वर एक अर्थ, खाली एक अर्थ, आणि जिना फक्त बोलणाऱ्याला माहीत असल्याचे ढोंग. गिलार्ड यांनी एवढेच म्हटले, की या खुर्चीवर पुरुष असता तर हे वाक्य कधीच बोलले गेले नसते. जिन्यावर दिवा लागला.

हा एकटा टोमणाही नव्हता. जानेवारी २००५ मध्ये त्यांच्या स्वयंपाकघरातले एक छायाचित्र छापून आले होते. ओटा स्वच्छ, टेबलावर फळांचे भांडे, आणि भांड्यात एकही फळ नाही. त्या रिकाम्या भांड्यावर कितीतरी दिवस चर्चा झाली. त्यात लोकांना मूल नसलेली बाई दिसली. २००७ मध्ये विरोधी बाजूच्या एका सिनेटरने त्यांना जाणूनबुजून वांझ राहिलेली म्हटले आणि पुढे माफी मागितली. पुरुष नेत्याच्या ओट्यावरचे भांडे रिकामे असते, तर छायाचित्राची ओळ काय असती? कदाचित : कामात गढलेला नेता.

फलकांचीही एक गोष्ट आहे. मार्च २०११ मध्ये कार्बन-कराविरुद्ध संसदेबाहेर सभा झाली. तिथे अ‍ॅबट ज्या फलकांपुढे उभे राहून बोलले, त्यांतल्या एकावर ‘चेटकिणीला हाकला’ अशा अर्थाची यमक जुळवलेली घोषणा होती. दुसऱ्यावर गिलार्ड यांना हरित पक्षाचे नेते बॉब ब्राउन यांची कुत्री म्हटले होते. भाषणात हा दुसरा फलक सांगताना गिलार्ड यांनी ब्राउन यांचे नाव घेतले नाही. ‘एका पुरुषाची’ असे म्हटले. आघाडीच्या राजकारणावरची शिवी एका शब्दाच्या बदलाने स्त्री-पुरुष संबंधावरची शिवी झाली. त्या खोटे बोलल्या का? नाही. शिवीचा मुळातला विखार तोच होता. पण निवड त्यांची होती, आणि ती निवड आपल्या लक्षात यायला हवी. ‘मॅन’ हा शब्द पहिल्या वाक्यापासून भाषणभर फिरतो, तो असा.

शब्दांचा प्रवास

दुसऱ्या पातळीवर शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. गिलार्ड यांचे वडील सप्टेंबर २०१२ मध्ये वारले. काही दिवसांनी अ‍ॅलन जोन्स हे सिडनीचे रेडिओ-निवेदक एका राजकीय मेजवानीत म्हणाले, की मुलीच्या खोटेपणाची लाज वाटून ते गेले. हे बाहेर आले आणि देशभर गहजब झाला. गहजब शमायच्या आत अ‍ॅबट आपला प्रस्ताव मांडताना म्हणाले, की हे सरकार लाजेने केव्हाच मरायला हवे होते. कदाचित ओघात आले असेल. पण शब्दाच्या अंगाला आधीच्या तोंडाचा वास राहतो. गिलार्ड यांनी तो वाक्प्रयोग सभागृहातच परत केला : माझे सरकार लाजेने मरत नाही, आणि माझे वडील लाजेने मेले नाहीत.

आणि मग तो क्षण, जो कुठल्याच टिपणात नव्हता. अ‍ॅबट यांनी घड्याळाकडे पाहिले. गिलार्ड यांनी ते टिपले : विरोधी पक्षनेते घड्याळ पाहताहेत, कारण एक बाई फार वेळ बोलली म्हणे! कॅनबेराच्या सभागृहात दोन्ही नेते एकाच टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात. अंतर असते हात-दोन हातांचे. तेवढ्या अंतरावरून पाहिलेली एक सवयीची हालचाल त्यांनी युक्तिवादात ओवली. बाईचे बोलणे किती झाले म्हणजे फार होते, हा प्रश्न लग्नाच्या बैठकीपासून ग्रामसभेपर्यंत कुणाला नवा आहे?

“माझ्या घरी बायको-मुली आहेत”

भाषणानंतर वाद एका शब्दाच्या अर्थावर आला. ‘मिसॉजिनी’ हा ग्रीकमधून आलेला शब्द : ‘द्वेष’ अधिक ‘स्त्री’. अ‍ॅबट यांचे समर्थक म्हणाले, हा माणूस स्त्रीद्वेष्टा कसा असेल? घरात पत्नी, तीन मुली. त्यांच्या कार्यालयाची सूत्रेही एका स्त्रीकडे. भाषणाच्या काही दिवस आधी खुद्द त्यांच्या पत्नीने मुलाखती देऊन हेच सांगितले होते. आपल्याकडचे ‘आम्हालाही आया-बहिणी आहेत’ हे वाक्य याच कुळातले. त्यामागचे गृहीतक असे, की स्त्रीद्वेष ही मनातली भावना आहे. ज्याच्या घरात प्रेम आहे त्याच्या मनात द्वेष कसा मावेल? गिलार्ड वेगळ्या अर्थाने बोलत होत्या. त्यांच्या लेखी तो मनातला कडवटपणा नव्हता, वागण्यातली रुजलेली रीत होती. मुलीवर जीव टाकणारा बापही ती रीत पाळू शकतो.

आठवडाभरात ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशाने जाहीर केले, की पुढच्या आवृत्तीत या शब्दाला ‘स्त्रियांविषयीचा रुजलेला पूर्वग्रह’ असाही अर्थ जोडला जाईल. संपादकांचे म्हणणे होते, की हा अर्थ कित्येक वर्षे वापरात होता. कोशच मागे राहिला होता. विरोधकांनी टीका केली, की राजकारणी चुकले की कोश बदलायचा काय? दोन्ही बाजूंना एक गोष्ट कळली होती : ज्याच्या हाती अर्थ, त्याच्या हाती अर्धा वाद. आपल्या ‘स्त्रीद्वेष’ या मराठी शब्दाचीही हीच अडचण आहे. त्यात ‘द्वेष’ इतका उघडा बसला आहे, की रोजच्या सवयीतली अढी त्यात मावत नाही आणि प्रत्येक आरोपी हसतमुखाने सुटतो.

दोन श्रोते

संसदेच्या पत्रकार-कक्षातल्या अनेक ज्येष्ठांना हे भाषण फसलेले वाटले. त्यांनी लिहिले, की पंतप्रधानांनी एका डागाळलेल्या सभापतीला वाचवण्यासाठी स्त्रियांचा मुद्दा पुढे केला. प्रस्ताव ६९ विरुद्ध ७० मतांनी पडला, आणि त्याच संध्याकाळी स्लिपर यांनी स्वतःच राजीनामा दिला. ज्याच्यासाठी लढाई, तोच रात्री मैदान सोडून गेला.

त्याच वेळी यूट्यूबवर ती चित्रफीत लाखो लोक पाहत होते. अमेरिका, ब्रिटन, भारत, कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत जेवणाच्या सुटीत ती एकमेकींना पाठवली जात होती. त्यांना स्लिपर कोण हे माहीत नव्हते. त्यांना एवढेच दिसले, की वर्षानुवर्षे ऐकून घेतलेली एक बाई आज ऐकून घेत नाही. आपल्याच कार्यालयातला, आपल्याच बैठकीतला ‘हा माणूस’ प्रत्येकीला त्यात सापडला. २०२० साली ‘गार्डियन’च्या ऑस्ट्रेलियन आवृत्तीच्या वाचकांनी तिथल्या दूरचित्रवाणीच्या इतिहासातला सर्वांत अविस्मरणीय क्षण म्हणून याच भाषणाला कौल दिला.

मग खरे वाचन कुणाचे? पत्रकारांना संदर्भ दिसला, शब्दांची ताकद दिसली नाही. जगाला ताकद दिसली, संदर्भ गळून पडला. तीन पातळ्यांचा उपयोग इथे कळतो. हे भाषण एका गैरसोयीच्या मतदानातून सुटण्याची चाल होती आणि ते मनापासूनचे सत्यही होते. राजकारणात ही दोन्ही एकाच अंगरख्याच्या दोन बाह्या असू शकतात. जून २०१३ मध्ये स्वतःच्याच पक्षाने पायउतार केल्यावर गिलार्ड यांनी आपल्या कारकिर्दीबद्दल असेच तोललेले विधान केले : स्त्री असण्याने सगळे उलगडत नाही, काहीच उलगडत नाही असेही नाही, काही गोष्टी उलगडतात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅबट पंतप्रधान झाले. त्यांच्या १९ जणांच्या पहिल्या मंत्रिमंडळात एकच स्त्री होती, आणि स्त्रियांविषयीच्या धोरणाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

‘आम्ही’ की ‘आपण’

भाषणाच्या अखेरीस गिलार्ड म्हणतात, की विरोधी पक्षनेत्यांनी सार्वजनिक जीवनातल्या आणि समाजातल्या स्त्रियांच्या स्थानाचा गांभीर्याने विचार करावा, कारण याहून बऱ्या दर्जावर ‘वी’चा हक्क आहे. इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीला इथे निवड करावीच लागते. ‘आमचा हक्क आहे’ म्हटले तर समोरचा वगळला जातो. बोलतात त्या स्त्रिया. ‘आपला हक्क आहे’ म्हटले तर अ‍ॅबटही आत येतात. सगळ्या देशालाच चांगल्या राजकारणाचा हक्क आहे असे होते. पंधरा मिनिटे ‘मी’, ‘हे सरकार’ आणि ‘ऑस्ट्रेलियातल्या स्त्रियांच्या वतीने’ अशी वाट चालून आलेला ‘वी’ मला ‘आम्ही’ वाटतो.

या ‘आम्ही’चे आणखी एक वैशिष्ट्य मराठी वाचकाला चटकन जाणवेल. त्याला नात्याची गरज लागत नाही. आपल्याकडचे भाषण ‘माता-भगिनींनो’ने सुरू होते, स्त्री आधी कुणाची तरी आई किंवा बहीण होते आणि मग तिला काही मिळते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये दरमहा दीड हजार रुपये देणारी योजना आली, तिच्या नावातच ‘माझी लाडकी बहीण’ आहे. त्या पैशांची गरज किती खरी आहे, हा इथला विषय नाही. नाव काय करते, एवढेच पाहू. भाऊ देतो ती ओवाळणी. राज्य नागरिकाला देते तो हक्क. ओवाळणी किती घातली हे बहीण विचारत नाही, आणि पुढच्या वर्षी कमी घातली तर तक्रारही करत नाही. हक्काचा हिशेब मागता येतो. गिलार्ड खुर्चीवरून बोलल्या, नात्यावरून नाही, म्हणून त्यांच्या वाक्यांत हिशेब मागण्याचा सूर आहे.

पण मग त्यांच्याकडेही हिशेब मागायला हवा. त्या ‘आम्ही’त कोण कोण होते?

फान डाइक यांच्या साच्यातला राहिलेला कोपरा, ‘आपले वाईट’, इथे सापडतो. ज्या मंगळवारी खालच्या सभागृहात हे भाषण झाले, त्याच मंगळवारी वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, गिलार्ड सरकारचेच एक विधेयक मंजूर झाले. एकट्याने मुले वाढवणाऱ्या पालकांचा विशेष भत्ता, धाकटे मूल आठ वर्षांचे झाले की, बंद होणार होता. २००६ च्या आधीपासून भत्ता घेणाऱ्यांना असलेले संरक्षण काढून टाकले गेले. त्यांना कमी रकमेच्या बेकारभत्त्यावर जावे लागणार होते. फटका बसणारे पालक ऐंशी हजारांच्या आसपास, आणि त्यांत बहुतेक आया. त्या पंधरा मिनिटांत त्यांच्याविषयी एक शब्द नाही. आदिवासी स्त्रिया नाहीत. समुद्रातून आश्रयाला येणाऱ्या लोकांना नाउरू आणि पापुआ न्यू गिनीतल्या मानुस बेटावर पाठवण्याचे धोरण याच सरकारने दोन महिन्यांपूर्वी पुन्हा सुरू केले होते. त्या होड्यांतल्या बायकाही नाहीत. भाषणातला स्त्रीद्वेष टेबलापलीकडे बसलेला आहे, त्याला चेहरा आणि घड्याळ आहे. कायद्याच्या कलमात बसलेल्या अन्यायाला चेहरा नसतो, म्हणून त्याच्यासमोर आरसा धरता येत नाही.

यामुळे भाषण खोटे ठरत नाही. टोमण्याने दुखावलेली पंतप्रधान आणि भत्ता गमावलेली आई या दोघी एकाच व्यवस्थेच्या दोन मजल्यांवर उभ्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या बाईला त्या दिवशी आवाज सापडला आणि तो सगळ्या जगाने ऐकला. त्या आवाजाने पुढे अनेकींना बळ दिले, हेही तितकेच खरे. चिकित्सक वाचनाला यातले एक बाजूला सारून दुसरे उचलता येत नाही.

त्या काळी सभागृहात सरकार पक्षाची बाजू सांभाळणारे नेते होते अँथनी अल्बानीज, स्वतः एकट्या आईने वाढवलेले. २०२२ मध्ये ते पंतप्रधान झाले. सप्टेंबर २०२३ पासून त्यांच्या सरकारने त्या भत्त्यासाठी धाकट्या मुलाच्या वयाची मर्यादा आठवरून चौदावर नेली. त्या ९ ऑक्टोबरपासून मोजले तर जवळपास अकरा वर्षे झाली होती. तेव्हाची आठ वर्षांची मुले आता १९ वर्षांची होती. त्या भाषणाची चित्रफीत त्यांच्या आयांनीही कदाचित पाहिली असेल, टाळ्याही वाजवल्या असतील. त्याच दिवशीचा सिनेटचा निर्णय मात्र त्यांनी ऐकून घेतला होता.